भाषाकुळाचा नकाशा आणि उसाचा फड

ऑस्ट्रोनेशियन नावाच्या भाषाकुळाचा बीड जिल्ह्याशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. संबंध उसाचा आहे.

दिवाळी सरली की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली आमची गावे रिकामी होऊ लागतात. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी या तालुक्यांतून माणसे, बैल, शेरडे, भांडी आणि पोरे उचलली जातात ती पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या फडावर जाऊन पडतात. या माणसांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, बौद्ध आहेत, मातंग आहेत, वडार आहेत, भूमिहीन मराठेही आहेत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. हिशेबाच्या वहीत माणूस नसतो, हत्यार असते. माझ्या आईवडिलांचाही असाच एक कोयता होता, आणि माझ्या शाळेची पहिली काही वर्षे कोपीतच गेली. ज्या पिकाने आमची हाडे दळली ते मुळात कोठून आले, कोणी लावले, कोणी वाहिले, हे मला पुष्कळ उशिरा, पुस्तके वाचू लागल्यावर समजले. आणि तेव्हा असेही लक्षात आले की, भाषाकुळांविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्याची परीक्षा घ्यायला उसाइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही.

जाड, रसाळ ऊस प्रथम माणसाळला तो न्यू गिनी बेटावर. हे काम तिथल्या पापुआन शेतकऱ्यांनी काही हजार वर्षांपूर्वी केले. तिथून तो पश्चिमेला इंडोनेशियाच्या बेटांमधून आशियात आला आणि पूर्वेला पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर गेला. तो नेला कोणी? होड्या वल्हवणाऱ्या, तारे पाहून वाट काढणाऱ्या दर्यावर्दी लोकांनी. या लोकांच्या भाषांनाच आज ऑस्ट्रोनेशियन हे नाव आहे. पापुआन लोकांच्या भाषा या कुळातल्या नाहीत. म्हणजे लावणारा एक आणि नेणारा दुसरा. जगाच्या नकाशावर मोठ्या अक्षरांत नाव आहे ते नेणाऱ्याचे. ऊस पिकवणारा आणि तोडणारा यांची नावे मागे पडून साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव छापले जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आता हे भाषाकुळ म्हणजे काय ते पाहू. बाराशेच्या वर भाषा, पश्चिमेला आफ्रिकेजवळचे मादागास्कर, पूर्वेला रापा नुई ऊर्फ ईस्टर बेट, उत्तरेला तैवान आणि दक्षिणेला न्यूझीलंड, एवढा याचा पसारा आहे. मलय, जावानीज, टागालोग, मालागासी, फिजीयन, माओरी, हवाईयन ही त्यातली काही नावे. युरोपियांची गलबते जगभर फिरू लागण्यापूर्वी एवढ्या लांबीवर पसरलेले दुसरे भाषाकुळ नव्हते. त्यांचे नाते ठरते ते शब्दांच्या आणि ध्वनींच्या नियमित मेळावरून. मलयमध्ये पाच म्हणजे 'लिमा', टागालोगमध्ये 'लिमा', हवाईयनमध्ये 'लिमा', माओरीत 'रिमा', मालागासीत 'दिमी'. आणि 'लिमा'चा जुना अर्थ हात. हाताला बोटे पाच म्हणून हात हीच पाचाची खूण. आपणही फारसीतून आलेला 'पंजा' हाताला लावतोच. उसाचेही तसेच. मलयमध्ये 'तेबू', टागालोगमध्ये 'तुबो', फिजीयनमध्ये 'दोवू', टोंगनमध्ये 'तो', हवाईयनमध्ये 'को'. हवाईयनमध्ये जुन्या 'त'चा 'क' होतो, आणि तो एकाच शब्दात न होता सगळीकडे होतो. म्हणून 'तो' आणि 'को' हे एकच. आपल्याकडे 'इक्षु'चा प्राकृतात 'उच्छु' आणि मराठीत 'ऊस' झाला, तो अशाच नियमाने.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. आमच्या फडात ऊस ओळखतात तो जातीच्या आकड्याने: को ७४०, को ८६०३२. एखाद्या उत्साही संशोधकाच्या हाती हे लागले तर तो लगेच लेख लिहील की, हवाई बेटात उसाला 'को' म्हणतात आणि बीडचा ऊसतोड्याही 'को' म्हणतो, तेव्हा हे दोघे एका रक्ताचे! वस्तुस्थिती एवढीच की 'को' म्हणजे कोइमतूर. तिथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघाले, बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड उसाचा रानटी गवती उसाशी संकर केला आणि भारतभर पसरलेल्या 'को' जाती निघाल्या. दोन शब्द सारखे दिसले म्हणून नाते जुळत नाही, आणि शब्दांचे नाते जुळले म्हणून माणसांचे रक्त जुळत नाही. या दोन गोष्टी पाळल्या असत्या तर आपल्याकडची निम्मी भाषाशास्त्रीय वाङ्‌मयनिर्मिती जन्मालाच आली नसती.

या कुळाचा प्रवास थोडक्यात असा मांडला जातो. पाच-सहा हजार वर्षांपूर्वी दक्षिण चीनच्या किनाऱ्याकडून शेती करणारे लोक तैवानमध्ये गेले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी तिथून काही जण फिलिपिन्समध्ये उतरले. पुढे इंडोनेशिया, मग न्यू गिनीच्या पूर्वेची बेटे, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी वानुआतू, टोंगा, सामोआ. नंतर मोठी विश्रांती घेऊन हवाई आणि रापा नुई, आणि तेराव्या शतकाच्या सुमारास न्यूझीलंड. दुसरीकडे इ. स. च्या पहिल्या सहस्रकात बोर्निओकडचे लोक हिंदी महासागर ओलांडून मादागास्करला पोचले. मालागासी भाषेचे सख्खे नाते दक्षिण बोर्निओतल्या मान्यान भाषेशी आहे, हे ओटो डाल यांनी १९५१ साली दाखवून दिले. भारतात या कुळाची एकही मूळची भाषा नाही. पण या लोकांचा वावर आपल्या समुद्रात होता. कोकणातल्या होडीला तोल सांभाळण्यासाठी बाजूने जी उलांडी बांधतात ती युक्ती याच दर्यावर्दींकडून आली असावी, असे होड्यांचे अभ्यासक मानत आले आहेत.

मूळ घर तैवान कशावरून? रॉबर्ट ब्लस्ट यांची मांडणी अशी की या कुळाच्या दहा मुख्य शाखा धरल्या तर त्यांतल्या नऊ एकट्या तैवानात आहेत, आणि तैवानबाहेरचे बाकीचे सगळे जग दहाव्या शाखेत मावते. ज्या वाड्यात सर्वांत जास्त भाऊबंद, तोच मूळ वाडा, असा हा तर्क आहे. तो मला पटतो.

माझी तक्रार आहे ती हा नकाशा ज्या पद्धतीने वाचला जातो तिच्याविषयी. बाण तैवानातून निघतात, भराभर पुढे सरकतात आणि वाचणाऱ्याच्या मनात एका पराक्रमी वंशाची दिग्विजयाची कथा तयार होते. 'विस्तार' हा शब्दच असा आहे की त्यात विस्तारणारा तेवढा दिसतो. ज्यांच्यावर विस्तार झाला ते दिसत नाहीत. आपल्याकडे आर्यांच्या आगमनाची कथा ज्या सुरात सांगितली गेली त्याच सुराचा हा दुसरा अवतार होय.

या कथेला पहिला तडा मूळ घरातच जातो. ज्या तैवानातून एवढे कुळ निघाले त्या तैवानात आज या भाषा बोलणारे लोक आदिवासी म्हणून ओळखले जातात. लोकसंख्येत त्यांचे प्रमाण शंभरात दोन-तीन एवढेच आहे. सतराव्या शतकापासून चीनमधून येऊन वसलेल्या लोकांनी त्यांची सपाटीची जमीन घेतली. सिराया भाषेत १६६१ साली मॅथ्यूचे शुभवर्तमान छापले गेले होते. ती भाषा पुढे बोलण्यातून गेली आणि आज तिचे वंशज जुन्या छापील कागदांवरून ती पुन्हा शिकू पाहत आहेत. २०१६ साली तैवानच्या राष्ट्राध्यक्षांनी आदिवासींची जाहीर माफी मागितली. अर्धे जग व्यापणाऱ्या भाषाकुळाच्या माहेरची ही स्थिती. तेव्हा भाषेचा विस्तार ही त्या माणसांच्या सुखाची हमी नसते, हे पहिल्यांदा लक्षात घेतले पाहिजे.

दुसरा तडा फिलिपिन्समध्ये जातो. होडीवाले तिथे उतरले तेव्हा जंगलात शिकार करून, कंदमुळे खणून जगणारे लोक होते. सावळे, ठेंगणे, कुरळ्या केसांचे. परक्यांनी त्यांना 'नेग्रिटो' म्हटले, म्हणजे 'छोटे काळे'. हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नाही. या लोकांच्या मूळ भाषा कोणत्या होत्या? आज एकही शिल्लक नाही. ते सगळे ऑस्ट्रोनेशियन भाषाच बोलतात. लॉरेन्स रीड यांनी त्यांच्या बोलींतले काही शब्द वेगळे काढले आहेत, जे शेजाऱ्यांच्या भाषांत सापडत नाहीत. बुडालेल्या घराचे वासे तरंगावेत तसे. नकाशावर मात्र ही सगळी जागा एकाच रंगाने भरलेली असते. भाषा कशी गेली असेल? मला त्यासाठी पुस्तकात पाहावे लागत नाही. ज्याच्या दारात धान्य मागायला जायचे त्याची भाषा शिकावी लागते, आणि तो आपली भाषा शिकत नाही.

तिसरा तडा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो अगदी अलीकडे कळलेला आहे. वानुआतू बेटांवर तीन हजार वर्षांपूर्वी पहिल्यांदा पोचलेल्या लोकांचे सांगाडे एफाते बेटावरील तेउमा येथे सापडले. २०१६ साली त्यांच्या हाडांतून काढलेल्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते लोक जवळजवळ पूर्णपणे आशियाकडून आलेल्या वंशावळीचे होते. आज वानुआतूत राहणाऱ्या लोकांची वंशावळ मात्र मुख्यतः पापुआन आहे. मागाहून न्यू गिनीच्या बाजूने माणसे येत राहिली, मिसळत राहिली आणि कालांतराने रक्त जवळजवळ बदलून गेले. भाषा बदलली का? नाही. वानुआतूत शंभरावर भाषा आहेत आणि त्या सगळ्या ऑस्ट्रोनेशियन कुळातल्याच आहेत. माणसे बदलली, भाषेचे कुळ टिकले. मादागास्करमध्ये भाषा बोर्निओची, पण माणसांच्या अंगात आफ्रिकेचा वाटा अर्ध्याहून कमी नाही. भाषाकुळ म्हणजे वंश, हे समीकरण यापुढे कोणी मांडू नये, एवढा हा पुरावा स्पष्ट आहे.

पण आपल्याकडे ते मांडले गेले आहे, आणि विद्वानांनी मांडले आहे. १९०६ साली विल्हेल्म श्मिट यांनी ऑस्ट्रोनेशियन आणि ऑस्ट्रोएशियाटिक ही दोन कुळे मुळात एक असावीत असे सुचवून त्यांना 'ऑस्ट्रिक' हे नाव दिले. ऑस्ट्रोएशियाटिक म्हणजे संथाळी, मुंडारी, खासी, निकोबारी यांचे कुळ. महाराष्ट्रात त्याची एकच भाषा आहे, मेळघाटातली कोरकू. हे दोन्ही कुळांचे ऐक्य आजही सिद्ध झालेले नाही. पण सुनीतिकुमार चटर्जी यांच्यासारख्या मोठ्या भाषापंडिताने 'ऑस्ट्रिक'ला संस्कृत ग्रंथांतले 'निषाद' हे नाव जोडले आणि भाषेचे गृहीतक एकदम माणसांचा वर्ग झाले. मग आमचे अनुकरणप्रिय लेखक लिहू लागले: या देशात प्रथम निषाद होते, मग द्रविड आले, मग आर्य, निषाद काळे आणि रानटी, द्रविड नगरे बांधणारे, आर्य गोरे आणि मंत्रद्रष्टे. बघता बघता भाषांची कोष्टके वर्णव्यवस्थेच्या पायऱ्यांसारखी दिसू लागली. मेळघाटातल्या कोरकूला स्वतःच्या भाषेत शाळा मिळाली नाही. त्याला मिळाले ते पुस्तकातले 'ऑस्ट्रिक' हे लेबल.

आता आपल्याच घरातली गोष्ट बोलली पाहिजे. ही कोष्टके उलटी करून वापरण्याचा मोह आपल्या चळवळीलाही पडलेला आहे. ते म्हणाले, आम्ही आर्य म्हणून श्रेष्ठ. आपण म्हणतो, आम्ही मूळनिवासी म्हणून श्रेष्ठ. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिताना बाहेरून आलेल्या आर्यांची कथा ब्राह्मणी वर्चस्वाच्या विरोधात शस्त्र म्हणून उचलली, आणि त्या काळात ते शस्त्र योग्य होते. वरचढपणाचा दाखला म्हणून मिरवली जाणारी कथा त्यांनी आक्रमणाचा कबुलीजबाब म्हणून वाचून दाखवली. परंतु शस्त्र आणि शास्त्र यांतला फरक बाबासाहेबांनी आपल्याला शिकवला आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे असे सांगितले. १९३६ साली जातिव्यवस्था म्हणजे वंशांची विभागणी नव्हे, हे त्यांनी ठासून मांडले. १९४६ सालच्या शूद्रांवरील ग्रंथात आर्य हा वंश असल्याचा सिद्धांत त्यांनी नाकारला. १९४८ सालच्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी डोकी-नाके मोजण्याचे आकडे घेऊनच दाखवले की, या मोजमापांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. आणि द्रविड हे मुळात भाषेचे नाव आहे, वंशाचे नव्हे, हेही बजावले.

प्रामाणिकपणे सांगायचे तर बाहेरून कोणी आलेच नाही, हा भाग आजच्या पुराव्यापुढे टिकत नाही. प्राचीन हाडांच्या जनुकांवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशाकडील लोक या उपखंडात आले, आणि आपल्या भाषाकुळाचा प्रवास त्यांच्याशी जोडला जातो. पण हे सांगून थांबणारा अर्धेच सांगतो. २०१३ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले की, सुमारे चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले जवळजवळ सगळे समूह एकमेकांत मिसळत होते, आणि त्यानंतर हे मिसळणे थांबत गेले. म्हणजे शुद्ध कोणीच नाही. आधी मिसळण झाली आणि मग लग्नबंदी आली. पंचविशीतल्या आंबेडकरांनी प्रयोगशाळेशिवाय जे सांगितले होते ते हेच. आपली बाजू खरी ठरण्यासाठी आपल्याला शुद्ध रक्ताची गरज नाही. ती गरज ज्यांना आहे त्यांची बाजूच खोटी आहे.

मराठीकडे याच नजरेने पाहिले पाहिजे. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्या जिल्ह्यालाही त्याचा अभिमान वाटला, कारण आद्यकवी मानल्या गेलेल्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला आहे. अभिमान असावा. पण मराठी किती जुनी याची चर्चा जेवढी होते तेवढी मराठी कोणाकोणाची याची होत नाही. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१ साली एक धीट प्रश्न विचारला: आर्यभाषा बोलणारे थोडे आणि द्राविडी बोलणारे बहुसंख्य यांच्या व्यवहारातून, कामचलाऊ बोलीतून, मराठी घडली असेल काय? त्यांच्या उत्तराविषयी वाद आहेत. परंतु प्रश्नाची दिशा आपल्या कामाची आहे. भाषा राजसभेत घडली की बांधावर, देणाऱ्याच्या तोंडी घडली की मागणाऱ्याच्या, हा तो प्रश्न आहे.

आणि बांधावरची भाषा कशी असते ते फडात ऐकावे. 'मुकादमानं उचल दिली, कोयता घेतला आन्‌ टायरगाडीत बसलो.' या एका वाक्यात मुकादम अरबी, टायर इंग्रजी, 'कोयता'चे नाते कन्नडातील 'कोय्' म्हणजे कापणे या धातूशी दिसते, आणि उचल आमची मराठी. तीच सर्वांत महाग. रात्री कोप्यांतून ऐकावे तर बंजाऱ्यांच्या कोपीत राजस्थानीच्या नात्यातली गोरबोली, वडाराच्या कोपीत तेलुगूच्या नात्यातली वडारी. गावात परतल्यावर वेशीबाहेर तमिळच्या नात्यातली कैकाडी आणि गुजरातीच्या नात्यातली पारधी. दोन भाषाकुळे एका पाण्याच्या टँकरभोवती उभी असतात, आणि कोणाचा हंडा आधी हे भाषाकुळावर ठरत नाही.

मी ज्या शाळेत काही वर्षे होतो तेथे एक बंजारा मुलगा आईला 'याडी' म्हणाला म्हणून त्याला बाकावर उभे केले होते. गुरुजी दुष्ट नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते की 'आई' ही भाषा आणि 'याडी' ही घाण. पोरगा 'आई' शिकला. पुढे तो फार थोडे बोलू लागला. नकाशावरचा बाण पुढे सरकतो तो असा, एकेका पोराच्या जिभेवरून.

मराठीचाही असा एक बाण समुद्रापार गेलेला आहे. १८३५ साली मॉरिशसमध्ये गुलामगिरी उठली. त्या गुलामांत मादागास्करहून आणलेले, मालागासी बोलणारे पुष्कळ होते. त्यांच्या जागी ऊस तोडायला हिंदुस्थानातून करारावर माणसे नेण्यात आली. एकंदर साडेचार लाखांच्या आसपास. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले, मराठी बोलणारे कोकणातले मजूरही होते. म्हणजे ऑस्ट्रोनेशियन भाषा बोलणाऱ्या माणसाच्या हातून सुटलेला कोयता मराठी बोलणाऱ्या माणसाच्या हाती आला. आज त्यांचे वंशज मराठीपण जपतात, सण करतात, मुले शाळेत मराठी शिकतात. पण रोजची बोली क्रिओल झाली आहे. मराठीच्या या 'विस्ताराचा' नकाशा काढणाऱ्याने त्याला विजययात्रा म्हणून दाखवावे, मी पाहतो.

आता साहित्याकडे. १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले, १९८१ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याची समीक्षा बहुतेक वेळा दारिद्र्याचे दर्शन, अनुभवाची दाहकता अशा शब्दांत झाली. ती चूक नाही, पण अपुरी आहे. 'उपरा'त जेव्हा कैकाडी बोल मराठीत येतात तेव्हा एका कुळातली भाषा दुसऱ्या कुळातल्या भाषेच्या पोटात उभी राहते. प्रस्थापित समीक्षेने याला 'बोलीभाषेचा प्रभावी वापर' म्हटले. कैकाडी ही मराठीची बोली नाही. ती एका वेगळ्या कुळातली भाषा आहे, जिला लिहिण्यासाठी मराठीचे दार ठोठवावे लागले. बोली म्हणजे जिला घर नाही ती भाषा, असे आपल्या समीक्षेने नकळत ठरवून टाकले आहे. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या साहित्याची भाषिक समीक्षा अजून नीट सुरूच झालेली नाही, असे मला वाटते. आणि ती सुरू करायची तर कोणाची भाषा कोणात आणि कशाच्या बदल्यात विरघळली, हा प्रश्न आधी विचारावा लागेल.

शेवटी एक लहानशी गोष्ट. इंग्रजीत जिथे एकच सर्वनाम आहे तिथे मराठीत दोन आहेत: 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'त असतो. संस्कृतात हा भेद नाही. तेलुगूत, तमिळमध्ये आहे, आणि मराठीने तो द्राविडी शेजारातून घेतला असे अभ्यासक मानतात. हाच भेद ऑस्ट्रोनेशियन कुळाच्या अगदी मुळात आहे. मलयमध्ये 'कामी' म्हणजे आम्ही, 'किता' म्हणजे आपण. दोन्ही कुळांचे नाते नाही. तरी दोन्हीकडच्या माणसांना गरज एकच वाटली: बोलताना समोरच्याला आत घेतले की बाहेर ठेवले, हे स्पष्ट करण्याची.

मराठी साहित्याने फार काळ 'आपण' म्हणत 'आम्ही' लिहिले. केशवसुतांच्या कवितेचे नावच 'आम्ही कोण?' असे आहे, आणि त्या 'आम्ही'त फडातला कोणी नव्हता. दलित साहित्याने उत्तरादाखल स्वतःचा 'आम्ही' उभा केला. तो आवश्यक होता. बाहेर ठेवलेल्याने आधी आपले बाहेर असणे नोंदवावे लागते. परंतु त्या 'आम्ही'ला मूळ रक्ताचे कुंपण घातले तर आपणही एक नवीन कूळच काढू, आणि त्यात कैकाडी, पारधी, बंजारा पुन्हा वेशीबाहेर राहतील.

ज्या पापुआन शेतकऱ्याने पहिला ऊस लावला त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. ज्या होडीवाल्याने कांडे ओले ठेवून समुद्र ओलांडला त्याचेही नाही. धारूरच्या घाटातून यंदा जे कोयते खाली उतरतील त्यांतल्या बाईचेही कारखान्याच्या वहीत नसेल. भाषाकुळ वेगळे, रक्त वेगळे, समुद्र वेगळा. मोळी मात्र तिघांच्या डोक्यावर एकच आहे. 'आपण' म्हणायला याहून जुना पुरावा मला तरी सापडलेला नाही.